नाणं टाकसाळीत चुकलंय की बाहेर ठेचलंय? एरर कॉईन नव्याने बघणाऱ्यांसाठी

कुणाला कळलं की आपण एरर कॉईन जमवतो, की दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर फोटो येतोच. "दादा हे बघ ना, ह्याच्यावर रेघ आलीये, मिसप्रिंट आहे का, किती येतील?" आणि मला बहुतेक वेळा कळवावं लागतं की ही रेघ टाकसाळीतली नाहीये, नाणं नंतर कुठेतरी घासलंय किंवा ठेचलंय. समोरच्याचा हिरमोड होतो, मलाही ते सांगताना बरं वाटत नाही, कारण त्या माणसाने एक रुपयाचं नाणं हातात घेऊन एवढ्या बारकाईने बघितलं हीच किती छान गोष्ट आहे. फक्त बघायचं काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला हे लिहितोय, आणि उदाहरणं सगळी आपल्या भारतीय नाण्यांची घेतोय म्हणजे खिशातलं नाणं काढून लगेच ताडून बघता येईल.

एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून चाला, की हे नाण्याला कधी झालं? चकती कापताना झालं, छापताना झालं, की टाकसाळीच्या गेटबाहेर पडल्यावर झालं? पहिल्या दोन वेळेला झालं असेल तर एरर, तिसऱ्या वेळेला झालं असेल तर डॅमेज, मग ते दिसायला कितीही विचित्र असू दे.

पायरी १: नाणं धुवू नका

हे सगळ्यात आधी सांगतो कारण लोक माझ्याकडे यायच्या आधीच नाणं पितांबरीने, चिंचेने, लिंबाने, टूथपेस्टने घासून चकचकीत करून आणतात. घासल्यावर पृष्ठभागावर बारीक ओरखड्यांचं जाळं तयार होतं आणि ज्या खुणांवरून आपण "कधी झालं" हे ठरवणार त्याच खुणा पुसल्या जातात. अगदीच चिखल-माती असेल तर साध्या पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या, टिपून म्हणजे टिपूनच, घासायचं नाही. आणि पकडताना कडेला दोन बोटांत पकडा.

पायरी २: चार वस्तू जवळ ठेवा

सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा, एक लोहचुंबक, आणि चौथी वस्तू जी लोक विसरतात ती म्हणजे त्याच जातीची पाच-सहा साधी नाणी. त्याच किमतीची, त्याच डिझाईनची, जमलं तर त्याच वर्षाची. बरोबर नाणं कसं दिसतं हे डोळ्यात बसलेलं नसेल तर चुकलेलं ओळखणार कसं? मी सुरुवातीला ही चूक केली, फक्त इंटरनेटवरचे एररचे फोटो बघत बसलो आणि साधी नाणी कधी नीट बघितलीच नाहीत.

लाईट एका बाजूने तिरका पडू द्या, टेबल लॅम्प किंवा खिडकीपाशी बसा. वरून सरळ उजेड पडला की उंच काय आणि खोल काय हे कळत नाही, फोटोत तर नाहीच नाही. म्हणून कुणी एकच फोटो पाठवून विचारलं तर मी सांगतो की नाणं हळूहळू फिरवत छोटा व्हिडिओ काढ.

पायरी ३: नाणं बनतं कसं हे डोक्यात पक्कं करा

ह्याला पंधरा मिनिटं द्या, पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडे सरकारी टाकसाळी चार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टाकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर आहे. चारही ठिकाणी मूळ काम एकच. धातूची लांब पट्टी मशीनमध्ये सरकत जाते आणि वरून पंच पडून तिच्यातून चकत्या कापल्या जातात, आपली आई पोळीतून वाटीने पुऱ्या कापते अगदी तसंच. ह्या कोऱ्या चकत्या तापवून मऊ करतात, साफ करतात, त्यांच्या कडा दाबून थोड्या वर उचलतात, तो उचललेला काठ म्हणजे रिम. मग चकती प्रेसमध्ये जाते. तिथे खाली एक डाय (म्हणजे छापेचा पोलादी ठसा), वर एक डाय आणि बाजूने कॉलर म्हणून एक पोलादी कडं असतं. दोन्ही डाय प्रचंड दाबाने चकती दाबतात, धातू क्षणभर पिठासारखा वाहतो आणि डायवरच्या खाचांमध्ये घुसतो, बाजूला कॉलर असल्यामुळे बाहेर पसरू शकत नाही. नाणं तयार.

ह्यातून एक गोष्ट लक्षात घ्या. डायवर अक्षरं खोल कोरलेली असतात म्हणून नाण्यावर ती उंच येतात. म्हणजे डायला तडा गेला, खाच पडली, तुकडा उडाला तर त्या खड्ड्यातही धातू घुसणार आणि नाण्यावर ते उंच दिसणार. उलट नाण्याला बाहेर कुणी खिळ्याने ओरखडा काढला तर तो खोल जाणार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातूचा बारीक बांध उभा राहणार, शेतात नांगर फिरल्यावर तासाच्या दोन्ही बाजूंना माती येते तसा.

पायरी ४: रेघ उंच आहे की खोल, नख लावून बघा

सगळ्यात जास्त फोटो रेघांचे येतात म्हणून इथे थांबून बघू. भिंगाखाली रेघ तिरक्या उजेडात धरा. ती पृष्ठभागाच्या वर आलेली असेल, केसासारखी बारीक, वेडीवाकडी, बहुतेक वेळा काठापासून निघून अक्षरातून आरपार जात असेल तर ती डाय क्रॅक. खरा एरर. पुढे तो तडा वाढून काठाजवळचा डायचा तुकडाच निघून गेला की तिथे नाण्यावर धातूचा सपाट गुळगुळीत गोळा येतो, त्याला इंग्रजीत 'कड' (cud) म्हणतात, आणि तिथलं डिझाईन पूर्ण गायब असतं. कड चांगला मोठा असेल तर नाण्याला खरंच मागणी असते.

पण खरं सांगायचं तर आपल्या स्टीलच्या एक-दोन रुपयांच्या नाण्यांवर बारीक डाय क्रॅक खूप सापडतात. स्टेनलेस स्टील कठीण, ते डायला लवकर थकवतं. मिळालं तर आनंदाने ठेवा, डोळा तयार करायला उत्तम आहे, पण त्यासाठी कुणाला पाचशे-हजार रुपये देऊ नका.

रेघ खोल असेल तर जवळजवळ नक्की ओरखडा समजा. "जवळजवळ" एवढ्यासाठी की छापताना डाय आणि चकतीच्या मध्ये दोरा, तारेचा तुकडा किंवा धातूचा किस अडकला तर त्याचा ठसा नाण्यात खोल उमटतो. फरक असा की त्या ठशाचा तळ आणि कडा गुळगुळीत असतात, बाजूला बांध नसतो आणि आजूबाजूची अक्षरं जागच्या जागी असतात. ओरखड्यात चमकदार कच्चा धातू दिसतो आणि अक्षराचा कोपरा एका बाजूला ढकलला गेलेला असतो. त्या ढकललेल्या धातूकडे बघायची सवय लावा, तो दिसला की ते नाणं मी बाजूलाच ठेवतो.

पायरी ५: वजन करा, आणि आकड्याचा अर्थ लावा

वजन बघितल्याशिवाय एरर म्हणायचं नाही, असा मी स्वतःला नियम घातलाय. काही आकडे जवळ लिहून ठेवा. २०११ पासूनच्या मालिकेत एक रुपया ३.७९ ग्रॅम, दोन रुपये ४.८५ ग्रॅम, पाच रुपये ६ ग्रॅम. १९९२ नंतरचं ते जाड, जड, कॉपर-निकेलचं पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅम. वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं ८.५४ ग्रॅम. वापरून झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, दोन-तीन शतांश इकडे-तिकडे झाले म्हणून उड्या मारू नका.

वजनाचा खरा उपयोग कुठे होतो बघा. समजा दोन रुपयांचं डिझाईन आहे पण नाणं लहान आहे आणि काठाकडची अक्षरं चारही बाजूंनी कापली गेलीयेत. कुणीतरी कानस मारून लहान केलं असेल, किंवा एक रुपयाची चकती चुकून दोन रुपयांच्या प्रेसमध्ये गेली असेल. काट्यावर ठेवा. ३.७९ च्या आसपास भरलं, म्हणजे अगदी एक रुपयाच्या चकतीइतकं, तर छाती धडधडायला हरकत नाही, तो राँग प्लँचेट, म्हणजे चुकीच्या चकतीचा, एरर असू शकतो. ४.१ किंवा ४.३ असं अधलंमधलं भरलं तर कुठल्याच चकतीशी जुळत नाही, म्हणजे घासलंय.

ॲसिडमध्ये टाकलेली नाणीही इथेच पकडली जातात. ती बारीक आणि पातळ होतात, अक्षरं सगळीकडून सारखी बारीक होतात, पृष्ठभाग खरखरीत दिसतो, आणि विकणारा सांगतो "पातळ चकतीवर छापलंय". पातळ चकतीवर खरंच छापलं तर दाब पुरेसा बसत नाही म्हणून डिझाईन पुसट येतं, पण पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो.

चुंबकाचंही सांगून टाकतो. स्टीलचं नाणं चिकटतं, कॉपर-निकेलचं चिकटत नाही. पण "पाच रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटलं म्हणजे चुकीच्या धातूचं" असं लगेच म्हणू नका. २००७ च्या सुमाराला पाच रुपये स्टीलमध्येच निघाले होते. दोन रुपयेही आधी कॉपर-निकेलमध्ये होते आणि २००५ पासून स्टीलमध्ये आले. आधी त्या वर्षी नाणं कुठल्या धातूत निघालं ते बघायचं, मग चुंबक लावायचं.

पायरी ६: चावा घेतलेलं नाणं, म्हणजे क्लिप

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण क्लिप नकली बनवणं सगळ्यात सोपं आणि पकडणंही शिकलात तर सगळ्यात सोपं.

पट्टी पुढे सरकायला हवी होती तेवढी सरकली नाही, आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढून पडला, की नवीन चकतीला एका बाजूला अर्धचंद्रासारखा तुकडा कमी पडतो. ही कर्व्ह क्लिप. आता विचार करा, तो तुकडा कुणी खाल्ला? त्याच पंचाच्या आधीच्या भोकाने. म्हणजे चाव्याची गोलाई नाण्याच्या स्वतःच्या गोलाईशी जुळायला पाहिजे. त्याच किमतीचं दुसरं नाणं घ्या आणि त्या चाव्यात बसवून बघा, व्यवस्थित बसलं पाहिजे. ग्राइंडरने केलेल्या चाव्यात ते सहसा बसत नाही, कुठेतरी फट राहते किंवा टेकतच नाही.

दुसरी खूण अजून भारी आहे. चाव्याच्या बरोब्बर समोरचा काठ बघा. काठ उचलणारं मशीन चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून फिरवतं, पण एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला जोर बसत नाही, म्हणून तिथला काठ नीट उभा राहत नाही, सपाट आणि बुजलेला दिसतो. ह्याला ब्लेक्सली इफेक्ट म्हणतात. खऱ्या क्लिपमध्ये तो दरवेळी ठळक असेलच असं नाही, पण असला तर फार मोठा पुरावा, कारण नाणं तयार झाल्यावर कापणाऱ्या माणसाला तो आणता येत नाही.

तिसरी खूण चाव्याजवळच्या अक्षरांची. चकती आधी कापली गेली आणि छाप नंतर पडली, त्यामुळे छापताना धातू रिकाम्या जागेकडे वाहतो आणि तिथली अक्षरं थोडी ताणलेली, पसरलेली, कडेला विरत गेलेली दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखं धारदार तुटतं.

माझ्याकडे एक रुपयाचं २०१४ चं नाणं आहे, भाजीवाल्या मावशींनी सुट्टे दिले त्यात आलेलं. अशोकस्तंभाच्या बाजूला उजवीकडे खाली, इंग्रजी 'इंडिया'च्या शेवटच्या अक्षराला लागून चावा आहे. ते अक्षर चाव्याकडे झुकल्यासारखं पसरलंय, आणि बरोब्बर समोर, डावीकडे वर, जिथे 'भारत'मधला 'त' येतो, तिथे काठ जवळजवळ नाहीच, 'त'ची रेघ थेट कडेत मिसळलीये. वजन ३.५२. घरी येऊन दुसरं नाणं त्या चाव्यात बसवलं आणि ते बसलं, तेव्हा जो आनंद झाला तो मला अजून आठवतो.

आणि त्याच्याआधी दोन वर्षं एका विक्रेत्याकडून मी पाच रुपयांचं जाड नाणं ६०० रुपयांना क्लिप एरर म्हणून घेतलं होतं. तेव्हा ह्या तिन्ही खुणा मला माहीत नव्हत्या. घरी भिंगाखाली बघितलं तर कापलेल्या जागी समांतर बारीक रेघा, कानशीच्या, समोरचा काठ एकदम कडक उभा, आणि 'भारत'चा 'भ' अर्ध्यात सटकन तुटलेला. ते नाणं मी फेकलं नाही, दोन्ही नाणी एकाच पाकिटात ठेवलीयेत, आणि कुणी शिकायला आलं की आधी ती दोन हातात देतो.

पायरी ७: उलटी छाप, म्हणजे लखी

इंग्रजीत ब्रोकेज म्हणतात, आपल्याकडचे जुने नाणेवाले 'लखी' म्हणतात. एक नाणं छापल्यावर बाहेर पडायच्या ऐवजी डायला चिकटून बसलं आणि खाली नवीन चकती आली, की त्या चकतीच्या एका बाजूला दुसऱ्या डायची नेहमीची छाप पडते आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याच्या छापेचा ठसा पडतो, खोलगट आणि आरशात दिसतो तसा उलटा. म्हणजे दोन्हीकडे एकच डिझाईन, एकीकडे उंच सरळ, एकीकडे खोल उलटं. पूर्ण आणि स्वच्छ लखी बघायला फार सुंदर दिसते.

नकली कशी बनवतात? दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाईसमध्ये आवळतात किंवा हातोडा मारतात. मग एका नाण्याची अक्षरं दुसऱ्यात खोल उलटी उमटतात. ओळखायचं असं की खोल ठशाच्या खाली त्या बाजूची मूळ छाप अंधुक तरी दिसते का बघा. खऱ्या लखीत त्या बाजूला डाय कधी लागलेलाच नसतो, म्हणून मूळ छापेचा मागमूस नसतो. आणि व्हाईसमधल्या नाण्याची दुसरी बाजूही पालथी घालून बघा, जोर लागलेला असतो म्हणून तिथली उंच अक्षरं चेपून सपाट, चकचकीत झालेली असतात.

पायरी ८: बाकीच्या एररवर भराभर

डाय रोटेशन नव्या माणसासाठी सगळ्यात सुरक्षित. नाणं वर-खाली दोन बोटांत धरा, उभं फिरवा, मागची बाजू सरळ, उलटी की तिरकी येते बघा आणि त्याच जातीच्या पाच-सहा नाण्यांशी तुलना करा. बाकी सगळी एकसारखी आणि हे एकटं तिरकं असेल तर डाय फिरलाय. नाणं बाहेर आल्यावर पडून, झिजून, ठेचून हे होऊच शकत नाही, म्हणून डॅमेजचा संशय नाही. थोडंसं फिरलेलं बरंच सापडतं, ९० किंवा १८० अंशांचं असेल तर जपून ठेवा.

ऑफ सेंटर म्हणजे चकती मध्यावर बसलीच नाही. एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते, नाणं कॉलरच्या बाहेर असल्याने किंचित वेडंवाकडं पसरतं. कोरा भाग खरोखर कोरा पाहिजे, घासून गुळगुळीत केलेला नको, तिथे कानशीच्या रेघा शोधा.

अक्षर गायब असेल तर बहुतेक डायच्या खाचेत ग्रीस किंवा कचरा भरलेला असतो. देवनागरीत आधी बळी जातात मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार, कारण त्या खाचा बारीक. 'रुपये'ची मात्रा गेली की लोक 'रुपय' छापलंय म्हणून नाचतात. मात्रेची जागा आजूबाजूच्या कोऱ्या भागासारखीच सपाट असेल आणि बाकीचं अक्षर त्या दिशेने मऊ मऊ विरत गेलं असेल तर ग्रीसवाला खरा एरर, साधाच पण खरा. त्या जागी खळगा असेल, वेगळी चमक असेल तर कुणीतरी खरवडलंय.

डबल दिसणारी अक्षरं जपून बघा. छापताना डाय किंचित हलला की अक्षराच्या बाजूला पायरीसारखी सपाट सावली येते, मूळ अक्षर त्यामुळे बारीक होतं. ह्याला मशीन डबलिंग म्हणतात आणि ह्याला फारशी किंमत नाही. डायच दुहेरी कोरला गेला असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची आणि टोकाला दुभंगलेली दिसतात.

दहा रुपयांच्या नाण्याचा मधला गोळा नसलेली कडी फार फिरतात. बाहेरचं कडं आणि आतला गोळा आधी वेगवेगळे असतात, छापताना दाबाने एकमेकांत अडकतात. गोळा नंतर ठोकून काढला असेल तर कड्याच्या आतल्या भिंतीवर गोळा अडकल्याची खूण, खोबण दिसते आणि भोक अगदी बरोबर मापाचं असतं. गोळ्याशिवायच छापलं गेलं असेल तर धातू आत वाहतो, भोक लहान होतं आणि त्याची कड गोलसर, ओघळल्यासारखी होते. गोळा एका बाजूला सरकून कड्यावर चढलेला असेल, आणि त्या चढलेल्या भागावरही छाप नीट पडलेली असेल, तर ते नाणं मला दाखवा.

पायरी ९: जे एररही नाही आणि कधीकधी डॅमेजही नाही

वर्षाखाली डायमंड आहे म्हणून लाखाचं नाणं, असे व्हिडिओ बघून लोक वेडे होतात. ती टाकसाळीची खूण आहे. डायमंड मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल टिंब नोएडाचं, आणि कोलकात्याला खूणच नसते. १९८५ च्या एक रुपयावर वर्षाखाली इंग्रजी 'एच' दिसतो, तोही एरर नाही, त्या वेळी नाणी बाहेरून छापून घेतली होती आणि तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा 'एच'. दहा रुपयांचं नाणं रुपयाच्या चिन्हासह आणि चिन्हाशिवाय दोन्ही आहे, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सगळी १४ डिझाईन चलनात वैध आहेत.

आपल्या शिवराईचं वेगळं सांगायला हवं. शिवराई हाताने छापलेली, खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा आणि वरून घण. ठसा बरेचदा तुकड्यापेक्षा मोठा, म्हणून 'श्री राजा शिव' पूर्ण बसलेली शिवराई मिळणं हेच भाग्य. 'श्री' अर्धी, 'छत्रपति'चा 'ति' बाहेर, दोनदा घण पडून अक्षर जुळं, हे सगळं तिच्या पद्धतीतच आहे. साधी दुदांडी (शिवराईचाच एक प्रकार) शिवराई "ऑफ सेंटर एरर" म्हणून जास्त भावाने कुणी देत असेल तर घेऊ नका. मशीनच्या नाण्याचे नियम घणाच्या नाण्याला लागत नाहीत.

आता डॅमेजचे नेहमीचे प्रकार, एकदा बघून ठेवा. रेल्वे रुळावर ठेवलेलं नाणं मोठं, पातळ आणि दोन्ही बाजूंनी पुसलेलं असतं पण वजन जवळपास तेवढंच. गॅसवर किंवा आगीत तापलेलं स्टील पिवळसर ते निळं पडतं, त्याला "वेगळ्या रंगाचा एरर" म्हणून विकतात. दागिन्यात बसवलेल्या जुन्या नाण्याच्या वरच्या काठावर डाग दिल्याची गाठ राहते, ती वर सांगितलेल्या 'कड'सारखी (cud) वाटते, पण तिचा रंग वेगळा असतो. भोक पाडलेली ताईतातली नाणी तर सर्रास. आणि अॅल्युमिनियमचे जुने पाच, दहा, वीस पैसे इतके मऊ की नुसत्या डब्यात हलूनही त्यांच्यावर खड्डे पडतात.

पायरी १०: घेण्याआधी, विकण्याआधी

विकत घेताना दोन्ही बाजूंचे, काठाचे आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा आकडा दिसणारे फोटो मागा. खरा विक्रेता देतो. "घाई करा, दुसरा माणूस थांबलाय" म्हणाला तर त्या दुसऱ्या माणसाला घेऊ द्या. पुण्यातल्यांनी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात फक्त बघायला जावं, नाणी हातात घ्यावीत, विचारावं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय एकदा मुलांना घेऊन बघून या, आणि मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे.

विकताना एक सावधगिरी. तुमच्या नाण्याला अमुक लाख देतो म्हणून फोन येतो आणि मग रजिस्ट्रेशन, टॅक्स, कमिशन म्हणून आधी पैसे भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की आमचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली असे पैसे मागितले जातायत, आम्ही असला कुठलाही व्यवहार करत नाही. विकणाऱ्याला आधी पैसे भरायला लावणारा फोन सरळ कट करा, आणि घरातल्या वयस्कर माणसांना हे आजच सांगून ठेवा, कारण जुन्या नाण्यांचे डबे त्यांच्याकडेच असतात.

पायरी ११: ठेवायचं कसं

नाणं खरं निघालं की मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत ते प्लास्टिक घाम सुटल्यासारखं चिकट होतं आणि नाण्यावर हिरवट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी कॉईन होल्डर मिळतात ते घ्या, किंवा साधं कागदी पाकीट. पाकिटावर पेन्सिलीने तारीख, नाणं कुठे मिळालं, वजन, कुठल्या बाजूला किती वाजण्याच्या जागी काय आहे, आणि एरर का वाटतो त्याचं एक वाक्य. माझ्या त्या एक रुपयाच्या पाकिटावर लिहिलंय: "भाजीच्या सुट्ट्यात. ३.५२. चावा चार वाजता, काठ दहा वाजता बुजलेला. दुसरं नाणं बसतं."